छत्रीबागेतली भरती

आमच्या छत्रीबागेत समुद्राला भरती येते. इंदूरहून समुद्र गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं, पण एखाद्या सकाळी मी दूध तापवत असले की शेजारच्या गच्चीवरून नाना पागे हाक मारतात, "मंगल, पानी चढतंय गं!" पहिल्यांदा मी धावत जाऊन टाकीची मोटर बंद केली होती.

नाना बँकेतून निवृत्त झालेले. पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते असं ते सांगतात. स्वतः नाना सायकलवरसुद्धा धड बसत नाहीत. पोहता येत नाही. समुद्र पाहिला तोही लांबून, चपला हातात धरून. पण त्यांच्या मोबाइलमध्ये रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा हजर.

सगळं झालं ते मुलीपायी. शुभाने आणि जावयाने मुंबईजवळ, खाडीच्या तोंडाशी, चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पूर्वी तिथे मिठागरं होती, खारफुटी होती. त्यावर भराव टाकून टॉवर उठवलेले. जाहिरातीत 'पाण्याच्या कुशीत' असं छापलं होतं. नानांनी तेवढंच वाचलं आणि हाय खाल्ली.

"अगं, समुद्र वर येऊन राहिला आहे, सारी दुनिया बोलते. खाडी म्हणजे त्याची यायची-जायची गल्ली. गल्लीत टॉवर ठोकले, तर तो जाईल कुठे? आपली खान नदीच घे ना. लोकांनी काठावर मकानं बांधली, पाऊस झाला की ती येते की नाही घरात? पाण्याला रजिस्ट्री नाही समजत, भिया!"

हे शेवटचं वाक्य ते इंदुरी 'भिया'सकट, म्हणजे 'भाऊ'सकट, पोहेवाल्यालाही ऐकवतात. त्या बिचाऱ्याने फक्त शेव वरून घालू का, एवढंच विचारलेलं असतं.

वास्तुशांतीला नाना मलाही घेऊन गेले. आहेराच्या वेळी त्यांनी शुभाला साडी दिली, आणि जावयापुढे ट्रकच्या टायरची ट्यूब ठेवली. हवा भरलेली, वर हळद-कुंकू लावलेली. "आमच्या राजवाड्याच्या बाजारात लाइफ जॅकेट नाही मिळालं," ते विहीणबाईंना म्हणाले, "ही चालवून घ्या." विहीणबाईंच्या घशात लाडू अडकला.

जावई म्हणाला, "बाबा, आम्ही चौदाव्या मजल्यावर आहोत."

"हो, पण भाजी आणायला खाली उतराल ना कधी?"

त्या दिवसापासून फोन सुरू झाले. भरती दिवसातून दोनदा, म्हणून फोनही दोनदा. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, त्यामुळे नानांचा फोन कधी शुभाच्या मीटिंगमध्ये, कधी आंघोळीच्या वेळी.

"शुभा, पानी कुठवर आलं?"

"बाबा, आहे तिथेच आहे."

"गाडी वर लावली? बरं. जेवलीस?"

की ठेवला फोन. शुभा मला म्हणायची, "मंगलकाकू, प्लीज समजवा ना यांना." मी काय समजवणार? माझ्या घरात बसून नाना मला आपलं इंदूर समुद्रापेक्षा किती उंच आहे ते सांगायचे, जसं काही ते त्यांनीच उचलून ठेवलं होतं.

आणि गेल्या पावसाळ्यात नाना खरे ठरले. भरती आणि धो धो पाऊस एकाच वेळी आले. नाल्यांचं पाणी खाडी घेईना, ते उलटं सोसायटीत शिरलं. कुणाला इजा झाली नाही, पण गाडी बुडाली, लिफ्ट बंद, पंप बंद. खाली कमरेइतकं पाणी आणि वर नळाला थेंब नाही! जावयाने चौदा मजले बादल्या चढवल्या आणि त्याची मती ताळ्यावर आली. फ्लॅट भाड्याने देऊन, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी बापाच्या जिवाला घोर लावून, दोघं पुण्याला गेली.

नानांनी गल्लीभर जिलेबी वाटली. शुभा फोनवर म्हणाली, "बाबा, सुटलात आता. इथे काही टेन्शन नाही."

पुढचा आठवडाभर गच्चीवरून आवाज आला नाही. आजारी पडले की काय, म्हणून मी वाटीत भाजी घेऊन गेले. नाना खुर्चीत बसले होते. मोबाइल मांडीवर.

"शुभा काय म्हणते?" मी विचारलं.

"फोन नाही केला."

"का हो?"

"काय विचारू? तिथे तर समुद्रच नाही."

मला हसू आलं. नाना हसले नाहीत. म्हणाले, "मंगल, पुण्यात नदी आहे ना गं? शुभाच्या घराच्या पास असेल?"

"नाना, नुसती आठवण आली म्हणूनही फोन करता येतो."

"तेवढ्यासाठी?" ते दचकलेच. "काम में रहती है वो."

एवढा बोलका माणूस, आणि पोटच्या पोरीशी बोलायला याला पुराचा आधार लागत होता.

शुभाचं घर पुण्यात नेमकं कुठे आहे, मला ठाऊक नाही. मी ठोकून दिलं, "अगदी जवळ आहे नदी. पावसाळ्यात फार चढते म्हणे."

नानांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि नंबर लावला.