तीन वरवंट्यांची काच

काच ही वस्तू पारदर्शक असल्यामुळे ती आपल्या घरात आहे, हे पाहुण्यांना सांगावं लागतं. लाकडाचं तसं नाही. लाकूड दिसतं आणि गप्प बसतं. म्हणून सुधारलेली माणसं शोकेसमध्ये लाकडाच्या फळ्या न बसवता काचेच्या बसवतात. शोकेस म्हणजे घरातली अशी जागा, जिथल्या वस्तू वापरायच्या नसतात आणि वापरायच्या वस्तू जिथे ठेवायच्या नसतात. (आमच्या शोकेसमध्ये टॉर्च आणि दोन नेलकटर आहेत. तो विषय इथे नको.)

आमच्या वारज्याच्या सोसायटीत तळमजल्यावर जयसिंगराव दांगट राहतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तेहतीस वर्षं तपासनीस होते, यंदा, १९९४ साली, निवृत्त झाले. झाले म्हणजे कागदोपत्री. निवृत्तीनंतर शोकेस करून देईन, असा शब्द त्यांनी पत्नीला, म्हणजे तुळजाबाईंना दिला होता आणि तो त्यांनी पाळला.

तुळजाबाईंकडे एक कप होता. चहाचा नव्हे, पितळेचा. १९५७ साली हवेली तालुक्याच्या शर्यतीत शंभर यार्डांत त्या पहिल्या आल्या होत्या आणि वडिलांनी हौसेनं त्यावर नाव कोरून घेतलं होतं. दुसऱ्या आल्या सरोजिनीबाई. त्या पुढे याच घरात थोरल्या जाऊबाई म्हणून आल्या, आता येरवड्याला असतात, आणि गेली सदतीस वर्षं प्रत्येक लग्नात व बारशात सांगतात की त्या शर्यतीत पहिल्या त्याच होत्या. थोरल्या जावेला तोंडावर खोटं पाडायची आपल्याकडे पद्धत नाही. तुळजाबाई पंगतीत मान खाली घालून जेवायच्या आणि कप माळ्यावर तांदळाच्या डब्यात राहायचा.

सरोजिनीबाई रविवारी पाच वाजता येणार होत्या.

"मला बोलायचं काही नाही," तुळजाबाई सोमवारी म्हणाल्या. "नुसता कप ठेवायचा. वरून-खालून उजेड पडला पाहिजे. अक्षर न् अक्षर वाचता आलं पाहिजे."

जयसिंगराव मन्सूरभाईंच्या काचेच्या दुकानात गेले. मन्सूरभाईंनी सहा एमएमची काच काढली. जयसिंगराव म्हणाले, "परवडणारी दाखवा." मन्सूरभाईंनी तीन एमएमची दाखवली. "साहेब, ही फोटोला लावतात. कप ठेवा, बिनधास्त ठेवा. बाकी काही ठेवू नका." जयसिंगरावांनी कडा घासून चार फळ्या घेतल्या.

आता थोडं शास्त्र. तोफगोळ्यांचा लॉट आला की त्यातला एक उडवून बघतात. तो नीट उडाला की बाकीचे पास. म्हणजे जो तपासला तो उरत नाही आणि जो उरतो तो तपासलेला नसतो. इतका निर्दोष विचार माझ्या तरी पाहण्यात नाही. जयसिंगरावांनी तो काचेला लावला. दोन पाटांवर फळी आडवी टाकायची आणि वर वरवंटे ठेवत जायचं. प्रमाण वरवंटा आमचा ठरला (दोन किलो चारशे ग्रॅम, आमच्याकडे आठवडाभर चटणी नव्हती), बाकीचे दोन त्याच्याच वजनाचे शेजारून आणले. पहिल्या फळीनं दोन वरवंटे सोसले, तिसऱ्याला ती फुटली. लॉट उत्तीर्ण.

पण शोकेसला कप्पे चार आणि फळ्या उरल्या तीन. म्हणून मंगळवारी एक आणली. ती एकटीच आली म्हणजे तो स्वतंत्र लॉट झाला, सबब नमुना तीच. उत्तीर्ण झाली आणि संपली. बुधवारी दोन आणल्या, त्यातली एक अडीच वरवंट्यांतच गेली (अर्धा म्हणजे खलबत्त्यातला बत्ता), त्यामुळे आधीच्या निकालांवर संशय आला आणि जुन्या तिन्ही फळ्यांची फेरतपासणी करावी लागली. शनिवारपर्यंत अकरा आल्या, दहा फुटल्या. अकरा परवडणाऱ्या काचांना सहा एमएमच्या चारांपेक्षा जास्त खर्च आला हे खरं, पण परवडणारी वस्तू घेतल्याचं समाधान अकरा वेळा मिळालं, ते कुठे धरणार?

शनिवारी संध्याकाळी जयसिंगरावांनी पाट मांडले तेव्हा तुळजाबाई येऊन पाटावरच बसल्या.

"अहो, एक तरी राहू द्या. मला एकच पुरे. मी काही दहा शर्यती जिंकलेल्या नाहीत." आणि त्यांना रडू आलं.

जयसिंगराव ओशाळले. त्यांनी वहीत लिहिलं, 'क्र. ११, चाचणीतून सूट', आणि फळी बसवली.

रविवारी पाचला सरोजिनीबाई आल्या. वरवंट्याचे मालक म्हणून आम्हालाही पोह्यांचं बोलावणं होतं. कप बरोबर मध्ये, नाव कोचाकडे. तुळजाबाई पोह्यांचा चमचा हातात धरून शोकेसच्या बाजूला उभ्या होत्या. सरोजिनीबाईंनी शोकेसकडे नीट पाहिलं.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "काच." मग म्हणाल्या, "टिकेल ना भावजी?"

तेहतीस वर्षं नोकरी केलेला तपासनीस या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणू शकत नाही.

"सांगतो," म्हणून जयसिंगराव उठले. तुळजाबाई फक्त "अहो" म्हणाल्या. जयसिंगरावांनी दारं उघडून कपाच्या डावीकडे एक वरवंटा ठेवला. फळी राहिली. उजवीकडे दुसरा ठेवला. राहिली. तिसरा मी दिला. (राहवलं नाही.)

फळी गेली. कप बाहेर पडला, टीपॉयला वळसा घालून घरंगळत गेला आणि सरोजिनीबाईंच्या पायाशी थांबला. कुणी हललं नाही. शेवटी त्यांनाच तो उचलावा लागला.

"आक्का," तुळजाबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "अक्षरांवर पोचा तर नाही ना पडला? माझा चष्मा आत आहे. वाचून बघता?"

सरोजिनीबाईंनी कप लांब धरला, जवळ धरला. "हवेली तालुका. शंभर यार्ड. कुमारी तुळजा सोनबा बराटे."

"पुढचं पुसलं का?"

"नाही." त्यांनी कप पुन्हा लांब धरला. "प्रथम."

"बरं झालं, शाबूत आहे," तुळजाबाई म्हणाल्या आणि न विचारता त्यांनी जावेच्या बशीत आणखी पोहे वाढले. काचा त्यांनी स्वतःच झाडल्या, गुणगुणत. जयसिंगरावांनी वही काढली: 'क्र. ११, उत्तीर्ण.'

आता तुमच्या शोकेसचं. आजवर तिच्यातलं काही पडलंय? नाही ना? म्हणजे तिच्यातलं कुणी काही वाचलेलंही नाही. पाहुणे 'छान आहे' म्हणाले असतील, ते काचेला म्हणाले. तुम्हीही त्यांच्याकडे गेल्यावर तेच म्हणून आलात. आमचा वरवंटा परत मिळाला आहे. लागला तर सांगा.