येळवसेला सुट्टी घेणारा शत्रू

माडीवरच्या खोलीत हेडफोन लावून बसलेल्या महादेवप्पांना दरदरून घाम फुटला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला होता. संध्याकाळी शॉर्टवेव्हवर चार देशांतल्या हौशी मंडळींशी गप्पा मारायच्या, एवढाच काय तो नाद. पण या आठवड्यात त्यांच्या बँडवर कुणीतरी सारखं टक... टक... टक... करत होतं. ना नाव, ना गाव! त्यामुळं गप्पा बंद, नुसतं ऐकणं चालू. आणि आज महादेवप्पांनी नको तो शहाणपणा केला. परवान्यावरचं आपलं नाव-नंबर सांगून त्यांनी विचारलं, "कोण बोलतंय?"

बोलायचं बटण दाबलं मात्र, टकटक गपकन बंद!

त्यांनी बिदरला नौबादेत फोन लावला. तिथले धम्मानंद सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि त्यांनाही हाच नाद होता.

"सर, आपुन मेलो! मी विचारलो आन् तो टकटकवाला गपच बसला."

"अण्णा, गुप्त स्टेशन असंल ओ शत्रूचं. तुमी कामून बोललाव त्याला?"

"विचारपूस केलो फक्त!"

"शत्रूची विचारपूस करतेत व्हय? तुमचा नंबर गेला की त्याच्याकडं. उद्या पोलीस म्हणतील, हे दोघं रोज बोलायलेत."

झालं! महादेवप्पांची झोप उडाली. सकाळी टकटक पुन्हा सुरू. संध्याकाळी त्यांनी हात जोडून निरोप पाठवला, "माफ करा, राँग नंबर." टकटक बंद. सकाळी परत सुरू. मग रोज संध्याकाळी माफी मागायचा नेमच पडला. माफी मागितली की शत्रू गप्प व्हायचा आणि महादेवप्पांचा जीव आणखीच खाली-वर व्हायचा.

शेवटी त्यांनी एक पिशवी भरली. दोन धोतरं, रक्तदाबाच्या गोळ्या आणि विभूतीची डबी.

"कुठं जायलाव?" हेमावतीबाईंनी विचारलं.

"सरकारी बोलावणं आलं तर असावी म्हनून."

"उद्या येळवस हाय. ती पिशवी ठिवा आन् भज्जीच्या कालवणाला शेंगा सोला. तिकडं डुकरं हरभरा खायलीत, तुमाला त्याचं काय हाय का?"

"हं," महादेवप्पा म्हणाले. हेडफोन कानावर असले की ते सगळ्यालाच हं म्हणायचे.

येळवसेला, म्हणजे शेतात पूजा आणि जेवण करायच्या मार्गशीर्ष अमावस्येला, चिटगुप्पा गाव ओस पडलं. झाडून सगळी माणसं शेतात. महादेवप्पांचं शेत घराच्या मागंच, एक ओढा ओलांडला की आलं. शेतात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली, पिकावर ताकातलं आंबील शिंपडून झालं. धम्मानंद सर खास नौबादेहून छोटा रेडिओ घेऊन आले होते. त्याचा एरियल फिरवला की आवाज कुठून येतो ते कळायचं. सरांनी तो चारी दिशांना फिरवला. चिडीचूप!

"अण्णा, आज शत्रू गप हाय. आज तर तुमी माफी बी मागितली न्हाई."

"मग कामून गप हाय?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सरांच्या हातातला बाजरीचा उंडा हातातच राहिला.

"येळवस, अण्णा! येळवस म्हनून बंद ठिवलंय त्यानं. आता मला सांगा, भायेरच्या शत्रूला येळवस कळंल का?"

महादेवप्पांनी ताट खाली ठेवलं. "म्हंजे आपल्यातलाच हाय. आत्ता कुठल्या तर कोपीत बसून भज्जी खायलाय!"

तेवढ्यात शेजारच्या बांधावरून वीरभद्रप्पांनी हाक मारली, "अण्णा, या की आंबील प्यायला!"

"बघा, बोलवायलाय!" महादेवप्पा पुटपुटले आणि सरांच्या मागं लपले.

उन्हं कलली, पाहुणेरावळे पांगले. हेमावतीबाई पदर खोचून बांधाच्या कोपऱ्याकडं गेल्या. सरांच्या हातातला रेडिओ एकदम बोलला, टक! टक! टक! एवढा जवळून की महादेवप्पा तीन ताड उडाले, मागं सरकले आणि बांधावरच्या तारेला टेकले.

"मेलो! मारला शत्रूनं!"

"तारंला कामून शिवलाव?" हेमावतीबाई ओरडल्या. "झटका मशीन हाय ती, डुकरांसाठी. पाहुण्यांना झटका बसू नये म्हनून सकाळच्याला बंद ठिवल्ते, आत्ता चालू केले."

"मशीन? कवा बसवलीस?"

"गेल्या आठवड्यात. तुमाला इचारूनच बसवले. हं म्हणलाव तुमी."

मशीनच्या प्रत्येक झटक्याला रेडिओत टक वाजत होतं. सर आधी हसले, मग महादेवप्पा हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो रे बसवण्णा! ना शत्रू, ना पोलीस.

"हसायलाव काय?" हेमावतीबाई कडाडल्या. "रोज संध्याकाळच्याला ही मशीन बंद पडायलीय. सकाळी मी येऊन चालू करायचं, तवर डुकरांनी अर्धा हरभरा फस्त केलेला. दुकानदार म्हणतोय मशीनीत खोट न्हाई, कुणीतर मुद्दाम बंद करायलंय."

सरांनी मान वर केली. महादेवप्पांच्या माडीवरून निघालेली रेडिओची तार ओढ्यावरून येऊन बांधावरच्या लिंबाला बांधलेली होती. बरोब्बर मशीनच्या डोक्यावर.

"अण्णा," सर हळूच म्हणाले, "तुमी संध्याकाळच्यालाच माफी मागत हुताव न्हवं? तुमी बोललाव की ही तार खालची मशीन बंद पाडायलीय."

"सर, भज्जी खावा," महादेवप्पा घाईनं म्हणाले.

"तुमाला लई शोधायची हौस हाय न्हवं?" हेमावतीबाई नवऱ्याकडं वळल्या. "मग हा बंद करणारा कोण ते शोधून काढा. एकदा घावू द्या, मी सोडत न्हाई त्याला!"

महादेवप्पा पुन्हा सरांच्या मागं सरकले. घरी पिशवी अजून भरलेलीच होती. ती काही दिवस तशीच ठेवावी, असं त्यांनी मनाशी ठरवलं.