सहा नंबरचा डबा

आम्रपालीच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत गोगलगायींना पिल्लं झाली होती. घरच्या टाकीत असं सहसा होत नाही, हे तिने महिन्याभरात धायरीच्या सोसायटीतल्या लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. पिल्लं मोजून एकोणतीस. काचेवरचं शेवाळ त्यांनी चाटूनपुसून संपवलं, तेव्हा उपाशी मरू नयेत म्हणून तिने त्यातली वीस बद्रीनाथशेठना दिली.

शेठनी चाळीस वर्षं मार्केट यार्डात गूळ-साखरेचा घाऊक व्यापार केला होता आणि आता मुकुंदनगरच्या फ्लॅटमध्ये सहाशे लिटरचा समुद्र सांभाळत होते. कोरल पाळणारे पंधरा-सोळा जण महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या हॉलमध्ये जमत. कोणाला कोरल जास्त झालेलं असे, कोणाला खेकडे नको असत. अदलाबदल होई, पैशाचं नाव काढायचं नाही. येत्या रविवारी शेठ सगळ्यांसमोर आम्रपालीची ओळख करून देणार होते. नवा कुर्ता इस्त्री होऊन तयार होता.

गोगलगायींच्या बदल्यात शेठनी छत्रीच्या आकाराच्या कोरलचा एक तुकडा दिला होता. त्यांच्या फडताळात रसायनांचे एकसारखे आठ डबे होते. त्यातला सहावा रिकामा झाला होता, त्यात खारं पाणी घालून त्यांनी तो तुकडा दिला होता. डब्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती: 'क्र. ६. मॅग्नेशियम. धुऊन, रिकामा परत करावा.'

गुरुवारी सकाळी स्वारगेटच्या लॅबमध्ये जायच्या घाईत आम्रपालीच्या हातात आईने पिशवी दिली.

"डबा धुतला. साबण नाही लावला, तू म्हणली तसं."

आम्रपालीने वाटेत स्कूटर चालू ठेवूनच पिशवी शेठच्या बायकोच्या, जयाकाकूंच्या हातात दिली आणि ती पुढे गेली.

शुक्रवारी संध्याकाळी शेठचा फोन आला.

"आम्रपाली, पाण्याचं ताक झालंय."

"ताक?"

"पातळ ताक. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. बारा वर्षांत असं झालं नाही. तुझ्या गोगलगायी काय घेऊन आल्या?"

आम्रपालीचे कान तापले. फोन चालू असतानाच कोरलवाल्यांच्या ग्रुपवर शुभंकरचा मेसेज आला: 'नवीन गोगलगायी आधी वेगळ्या ठेवल्या होत्या का?' हाच शुभंकर परवा तिला टाळ्यांची चित्रं पाठवत होता. खाली तिघांनी 'हाच प्रश्न' असं लिहिलं होतं.

"काका, माझ्या गोगलगायी स्वच्छ आहेत. दोन दिवसांत टाकीत आणखी काय गेलं?"

"नेहमीचं. काल संध्याकाळी मॅग्नेशियम, सहा नंबरमधून. पाच चमचे."

"पण सहा नंबर तर रिकामा होता."

"जयाने नवीन पाकीट ओतलं असणार."

मागून जयाकाकूंचा आवाज आला, "मी कशाला हात लावतेय तुमच्या डब्यांना? आला तसा जागेवर ठेवला."

आम्रपालीने फोन कानापासून लांब धरला. समोर कौशल्याबाई मेथी निवडत होत्या.

"आई, डबा रिकामाच दिलास ना?"

"रिकामा डबा देते का कोणी?" कौशल्याबाई मूळच्या वर्ध्याकडच्या, पुण्यात वीस वर्षं काढूनही त्यांच्या हातून एकही डबा रिकामा परत गेला नव्हता. "तिकडून भरून आला, इकडून भरून गेला. साखर घातली."

"आई! तिकडून त्यात खारं पाणी आलं होतं!"

"भरूनच आला ना?"

आम्रपालीच्या डोक्यात सगळी साखळी जुळली. साखर म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंना मेजवानी. ते भराभर वाढतात, पाणी पांढरं होतं, आणि पाण्यातला प्राणवायू तेच संपवतात. "काका, मी येतेय," म्हणून तिने फोन ठेवला आणि आपल्या टाकीचा हवेचा पंप उपटून पिशवीत टाकला.

"चूक माझी आहे, मी पण येते," म्हणत कौशल्याबाई स्कूटरवर मागे बसल्या.

मुकुंदनगरात पोचताच आम्रपालीने सांगून टाकलं, "काका, टाकीत साखर गेलीय."

"कोणाला सांगतेस? मी अंधारात, नुसत्या बोटाने साखर ओळखतो."

जयाकाकूंनी सहा नंबरचा डबा त्यांच्यापुढे उघडून धरला. शेठनी चिमूट जिभेवर ठेवली. मग आणखी एक.

"साखरच. एम-तीस," ते शेवटी म्हणाले. "माल चांगला आहे."

"गूळच देणार होते," कौशल्याबाई म्हणाल्या, "पण ढेप मावत नव्हती."

पुढचे दोन तास कोणी बसलं नाही. दोन पंप लागले, टेबलफॅन पाण्याकडे वळला, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर पूर्ण उघडला. जेवणाच्या वेळेपर्यंत मासे खाली गेले. शनिवारभर स्किमरमधून चिकट, तपकिरी फेस निघत राहिला. रविवारी सकाळी पाणी इतकं नितळ झालं की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर टाकीतून वाचता येत होतं. आम्रपालीने पाणी तपासलं, मग खात्री पटेना म्हणून पुन्हा तपासलं. वर्षभर चाळीसच्या खाली न येणारं नायट्रेट, म्हणजे पाण्यात साठत जाणारी घाण, पाचवर आलं होतं. वाढता वाढता जिवाणूंनी ते खाल्लं होतं आणि स्किमरने जिवाणू बाहेर काढले होते.

मंडळी जमली. शुभंकर काचेला नाक लावून म्हणाला, "काका, कसलं भारी पाणी! कुठलं प्रॉडक्ट? इम्पोर्टेड ना?"

शेठनी आम्रपालीकडे पाहिलं. शेठ उठून उभे राहिले.

"पहिली गोष्ट. गोगलगायी निर्दोष आहेत. ही आम्रपाली, घरच्या टाकीत त्यांची पिल्लं काढते. तुमच्यापैकी कोणाला जमलेलं नाही. मलाही नाही. दुसरी गोष्ट. टाकीत साखर गेली, ती मीच घातली, आणि मला ओळखू आली नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एक मिनिट देतो."

सगळे हसले. शेठ घड्याळाकडे बघत उभे राहिले.

"झालं. तिसरी गोष्ट. कोणीही घरी जाऊन हा प्रयोग करायचा नाही. मासे वाचले ते या मुलीमुळे."

"आणि साखर कोणाची?" शुभंकरने विचारलं.

"ती माझ्या आईची," आम्रपाली म्हणाली. नव्या कुर्त्याची बाही सावरत तिने कोपऱ्यात बसलेल्या कौशल्याबाईंना हाताला धरून पुढे आणलं.

निघताना जयाकाकूंनी पिशवीत सहा नंबरचा डबा दिला. आत पाणी आणि शेठच्या आवडत्या लाल कोरलचा तुकडा. घरी पोचल्यावर आम्रपालीने चिठ्ठी पाहिली. 'रिकामा' या शब्दावर पट्टी लावून सरळ रेघ मारली होती, आणि खाली त्याच सुवाच्य अक्षरात एक ओळ वाढली होती: 'आत काय आहे ते लिहावे.'

कौशल्याबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग ओट्यावरून खलबत्ता घेतला, गुळाची ढेप पुढे ओढली आणि हात लांब केला.

"पेन दे."