सोपानतात्यांचा ओत

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की सोपानतात्या चपला काढता काढता विचारायचे, "हितं ओत कोण? तुमी का मी?" नवखा माणूस गांगरायचाच. एकदा टपरीवाल्यानं तर हा शब्द ऐकून त्यांच्या भरल्या कपात आणखी चहा ओतला होता.

तात्या ईट गावच्या सहकारी डेअरीत दुधाची डिग्री बघायचे. मी शाळेत मास्तर, त्यांचा शेजारी. काचेची नळी बुडवून दुधात पाणी किती ते तात्या सांगत, आणि उरलेल्या जगाबद्दलही त्यांचं म्हणणं एकच, "डिग्री लावून बघू की."

हा ओत त्यांना चिकटला दुष्काळात. बोअर पाडायच्या मशीनबरोबर एक फ्रेंच माणूस गावात आला आणि तात्यांकडं उतरला. तात्या विधुर, पण पिठलं झकास करायचे. पहिल्याच जेवणाला पाहुण्यानं तात्यांकडं बोट केलं, "ओत." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "ओत." तात्यांना वाटलं, गड्याला ऊन लागलं.

पाहुणा गेला, बोअर कोरडी गेली, शब्द तेवढा राहिला. तात्यांना चैन पडेना. शेवटी उस्मानाबादला जाऊन त्यांनी कॉलेजातले एक प्राध्यापक गाठले. ते म्हणाले, बरोबर आहे, फ्रेंचमध्ये यजमानालाही ओत म्हणतात आणि पाहुण्यालाही. तात्या परतले ते आणखीनच कोड्यात पडून.

"मास्तर, देणाराबी त्योच आन् घेणाराबी त्योच? मग पाणी कुणी कुणाला द्यायचं?"

"मागचंपुढचं बोलणं ऐकून कळत असेल, तात्या."

"म्हंजी डिग्री लागतच न्हाय," ते नाराजीनं म्हणाले.

मला गंमत वाटायची. एका शब्दाचा माणूस इतका पिच्छा का पुरवतो, हे मला कळलं ते त्यांच्याबरोबर परंड्याला गेल्यावर.

तिथं त्यांची एकुलती लेक शालन दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. आणि नातवंडाचं तोंड बघेपर्यंत बापानं लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तात्या जाताना फिरकीच्या तांब्यात स्वतःचं पाणी न्यायचे. शालन दर वेळी भरलेला पेला पुढं ठेवायची आणि ते निघाले की तसाच उचलायची.

त्या उन्हाळ्यात परंड्यात टँकरचा पत्ता नव्हता. तरी आम्हा दोघांपुढं पेले आले. तात्यांचा पेला ठेवून शालन खाली बघत म्हणाली, "असू द्या तात्या. रीत हाय, मला ठावं हाय."

तात्या पेल्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "शाले, लई वर्सं इचारतोय मी, ओत कोण. कुणालाच सांगता येईना." आणि पेला उचलून त्यांनी एका दमात रिकामा केला.

शालन पदर तोंडाला लावून चुलीपाशी गेली. निघताना तात्यांनी फिरकीचा तांब्या उघडला आणि ईटहून आणलेलं सगळं पाणी तिच्या घागरीत ओतलं. "ह्ये माझ्या घरचं. तूबी पी."

एस्टीत ते रिकामा तांब्या मांडीवर धरून बसले होते. म्हणाले, "पोरीच्या घरचं पाणी लई गोड हाय, मास्तर."

ते पाणी मीही प्यायलो होतो. चांगलं मचूळ होतं. मी "व्हय" म्हणालो.