संपर्कात नसलेले तेवीस

थर्मासचं बूच फट्‌दिशी उडालं आणि समुपदेशन कक्षातली शांतता मोडली. एरवी त्या कक्षात समुपदेशनापेक्षा शांतताच जास्त पाळली जाई.

आजार माणसाला होतो, यश मात्र रुग्णालयाला मिळतं. हे मूलतत्त्व ज्याला उमगलं त्याला वैद्यकशास्त्रातलं पुष्कळसं सोपं जातं. सारनाईला ते अजून उमगायचं होतं. तिने बूच उचललं, कपात खारा चहा ओतला, तो डॉक्टर गान्झोरिगांपुढे सरकवला आणि मघाचाच प्रश्न पुन्हा विचारला.

"पण डॉक्टरसाहेब, यातून वाचतात किती?"

"शंभर टक्के," डॉक्टर म्हणाले आणि खिडकीबाहेरच्या उलानबातर शहराकडे पाहू लागले. कोळशाच्या धुरामुळे बाहेर काही दिसत नव्हतं, पण त्यांनी बराच वेळ पाहिलं.

सारनाईची मुलगी उयांगा सात वर्षांची. तिच्या हाडांतला मगज रक्त करायचंच विसरला होता. थोरला भाऊ तुमूर याच्या पेशी तिच्याशी जुळत होत्या. त्याच्या रक्तातल्या मूळपेशी काढून तिच्या अंगात सोडायच्या, रुजल्या तर पोर तरली. गुरुवारपर्यंत संमतिपत्रावर सही हवी होती. तिकडे कुरणावरून, रेंजसाठी टेकडीवर चढून, सारनाईचे वडील रोज फोन करत होते. "पोरीला कुरणावर घेऊन ये. सुयांनी मारण्यापेक्षा दूध पिऊन जगेल तेवढी जगू दे." आणि सारनाई रोज म्हणत होती, "उद्या सांगते, बाबा."

आता हे शंभर टक्के कसे होतात ते सांगणं भाग आहे, कारण प्रक्रिया अनुकरणीय आहे.

परदेशातून आलेल्या नोंदणी-अर्जात तीन रकाने होते: जिवंत, मृत, संपर्कात नाही. अर्ज भरण्याचं काम हेडनर्स दुल्माताईंकडे. आजाऱ्याच्या आसपास अशुभ शब्द काढायचा नाही, तोंडून निसटलाच तर तीनदा थुंकल्यासारखं करायचं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. अशुभ शब्द लिहिल्यावर थुंकायचं कुठे, याबद्दल अर्जासोबतच्या चौदा पानी सूचनांत अवाक्षर नव्हतं. (संसर्ग-नियंत्रण समितीची तर थुंकण्यालाच तत्त्वतः हरकत होती.) तेव्हा दुल्माताईंनी मधला रकाना कोरा सोडला. देव झालेला माणूस फोन उचलत नाही. जो फोन उचलत नाही तो संपर्कात नाही. नोंद तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती.

त्याच रकान्यात मेंढपाळही जात. अर्जाला कायमचा पत्ता लागतो, आणि वर्षातून चारदा घर मोडून उंटावर लादणाऱ्या माणसाकडे कायमचं म्हणावं असं फक्त बायको असते. एकाने पत्ता दिला होता: 'पावसाळा बरा झाला तर नदीपलीकडे.' पाऊस बरा झाला की नाही हे रुग्णालयाला कळायला मार्ग नव्हता.

पाच वर्षांचा निकाल असा: रोपणं एक्केचाळीस, जिवंत अठरा, मृत शून्य, संपर्कात नाहीत तेवीस. यशाचं प्रमाण, अर्थातच, ज्यांची माहिती आहे त्यांच्यावरूनच काढावं लागतं. अठरातले अठरा. या आकड्याला मागच्या वर्षी काचेचं सन्मानचिन्ह मिळालं आणि ते धूळ बसू नये म्हणून कपाटात ठेवण्यात आलं.

वॉर्डातल्या मुलांच्या आया मात्र आकडेवारी आपल्या पद्धतीने वाचत. तेवीसचे तेवीस गेले, असं त्या धरूनच चालत. फक्त बोलत नसत. म्हणजे एक्केचाळीसात अठरा. निम्मेसुद्धा नाहीत. सारनाईचा हात सहीसाठी उठत नव्हता तो त्यामुळे.

पण ती मेंढपाळाची लेक. तिच्या बापाने जन्मात मेंढरं मोजली नव्हती. संध्याकाळी कळपावरून एक नजर फिरवायचा आणि म्हणायचा, काळ्या कानाची आली नाही. आकडा त्याला सांगता येत नसे, हरवलेली मात्र सांगता येई. सारनाई दुल्माताईंकडे गेली.

"ताई, ते तेवीस कोण कोण?"

"गप गं. शुभ बोलावं."

"शुभच बोलते. नावं सांगा."

"माहिती गोपनीय असते," दुल्माताई म्हणाल्या. "वही कुलपात आहे." कपाटाची किल्ली कपाटावर होती. "मी चहाला जातेय. वीस मिनिटं लागतील मला. गुडघे दुखतात."

तीन दिवस सारनाई मुलीच्या खोलीच्या काचेबाहेर, बाकड्यावर बसून फोन लावत होती. पहिला उचलला तो वारा अंगावर घेत ओरडणाऱ्या एका गृहस्थाने.

"पटकन बोल बाई, टेकडीवर आहे मी. खाली शेळ्या वितायत."

"काका, तुम्ही रुग्णालयाच्या संपर्कात नाही म्हणे."

"मी? मी इथंच आहे की. त्यांनीच नंबर बदललाय तीनदा. हरवलेत ते. सापडले तर सांग त्यांना, मी बरा आहे. आणि तुझं कोण आहे तिथं?"

"मुलगी."

"मग हे घे लिहून. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, गिळवत नाही. तेव्हा वाटतं सगळं संपलं. संपत नाही. माझी आता दोन पोरं आहेत... अगं ए, तिला धर, ती चाललीय—" फोन कटला. सारनाईने कागदावर एक रेघ ओढली.

एक मुलगी शर्यतीत घोडा पळवत होती. एका शिक्षिकेने रुग्णालयातल्या जेवणाबद्दलची तक्रार अजून निकालात निघाली का ते विचारलं. आणि एकीने ते नाव पुन्हा एकदा घ्यायला लावलं. मग म्हणाली, "गेला गं तो. चाळिसाव्या दिवशी. बरं केलंस विचारलंस. तिथून कोणी विचारलंच नाही कधी." ती पुढे अर्धा तास त्याच्याबद्दल बोलली, त्याला वाळलेलं दही कसं आवडायचं, तो झोपेत कसा हसायचा. सारनाईने ऐकून घेतलं. लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तेवीसांपैकी चौदा जिवंत निघाले, नऊ गेलेले. एकूण एक्केचाळीसात बत्तीस. सारनाई ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे पळाली.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "अठ्ठ्याहत्तर टक्के," ते हळूच म्हणाले.

"चांगले आहेत ना?"

"उत्तम आहेत. कुठल्याही देशाने मान वर करून सांगावेत असे." त्यांनी कागदाची घडी घातली. "पण गेल्या वर्षी शंभर होते."

रुग्णालयाची समिती तातडीने बसली. जिवंत माणसं परस्पर सापडल्याबद्दल चिंता व्यक्त करण्यात आली. चर्चेअंती नवा रकाना मंजूर झाला: 'संपर्कात नाही (फोन उचलतात)'. उरलेल्या नऊ जणांसाठीही स्वतंत्र रकाना आखण्यात आला, जरा रुंदच. त्याला काय नाव द्यावं यावर एकमत होईना, म्हणून मथळा कोरा ठेवून खाली नऊ नावं सुवाच्य अक्षरात लिहायचं ठरलं. दुल्माताईंनी ती लिहिली. लिहिताना त्या थुंकल्या नाहीत. नाकाला मात्र सारखा रुमाल लावत होत्या.

हे वाचून ज्यांना त्या दूरच्या देशाचं हसू आलं असेल, त्यांनी आपल्याच घरी आलेल्या शेवटच्या जाड रिपोर्टाचं दुसरं पान कुणी काढून ठेवलं होतं, आणि चहा ओतता ओतता आजाऱ्याला कोणता आकडा सांगितला होता, ते आठवून पाहावं. घाई नाही.

सारनाईने बुधवारीच सही केली. वडिलांना म्हणाली, "बाबा, बत्तीस आहेत. एक्केचाळीसात." मग ते म्हणाले, "पोरीच्या टोपीचा रंग कोणता आहे?"

"निळा."

"निळीकडे लक्ष ठेव."

मुखपट्टी, टोपी, झगा असा सगळा साज चढवून ती उयांगाच्या खोलीत गेली. लेकीने पलंगावर मेंढीच्या घोट्याची खेळायची हाडं मांडली होती. (उकळून निर्जंतुक केलेली, परवानगीचा अर्ज दारावर चिकटवलेला होता.)

"ऐक गंमत," सारनाई तिच्या पायाशी बसत म्हणाली. "मी चौदा जणांशी बोलले. सगळ्यांचं असंच झालं होतं, तुझ्यासारखं. आणि सगळे ठणठणीत आहेत. एक ताई तर घोडा पळवते."

"शर्यतीत?"

"शर्यतीत."

उयांगाने मान हलवली. मग बोटाने हाडं दोन ढिगांत सारू लागली, एक मोठा, एक लहान.

"पण आई, तू फोन लावलास की मी इथून एक हाड ठेवत होते. तेवीस झाली." तिने लहान ढीग आईपुढे सरकवला. "हे काय म्हणाले?"