तांगवेनचं वर्तुळ

"तांगवेन, तू बाहेर कशी?"

मेइनिरबाईंच्या या प्रश्नावर तांगवेननं हातातल्या सुरीकडे आणि मग खाली रेघेकडे पाहिलं. वेल्समधल्या त्या कुरणावर निसर्गपूजकांचा सुगीचा वार्षिक मेळावा भरला होता, आणि पूजेचं वर्तुळ आखायचा मान यंदा प्रथमच तिला मिळाला होता. सुरीचं टोक जमिनीकडे धरून, मंत्र म्हणत ती छान निघाली होती. वाटेत एक मेंढी ठिय्या देऊन बसलेली. तिला वळसा घातला तो बाहेरून, आणि पुढेही तशीच बाहेरून चालत तिनं वर्तुळ पुरं केलं. सगळी मंडळी आत, पुजारीण बाहेर!

"मग ये की आत," कुणीतरी म्हणालं.

"खबरदार!" मेइनिरबाई कडाडल्या. इतकी वर्षं हा मान त्यांचा होता. "रेघ ओलांडली की पूजा बाटली. आणि पूजा बाटली तर पुढच्या वर्षी सुरी पुन्हा माझ्या हातात."

"मग सुरीनं रेघेत दार कापते ना, बाई."

"दार आतूनच कापतात. आणि ज्यानं आखलं त्यानंच."

झालं! जिथे कुंपण सोडा, साधी दोरीसुद्धा नव्हती, अशा मोकळ्या कुरणात धडधाकट माणसं कोंडली गेली. नैवेद्याचा पाव मोटारीत राहिला होता. जनावरांना रेघेचं बंधन नसतं, म्हणून तांगवेननं पाव त्याच मेंढीच्या पाठीवर बांधून तिला आत हाकललं. मागोमाग कळपातल्या तिच्या मैत्रिणी गेल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवरच जेवण उरकलं.

फाटकाला रेलून कुरणाचा मालक इद्वाल हे सारं पाहत होता. हा चॅपलातला, म्हणजे गावच्या साध्या प्रार्थनाघरातला, भाविक. पाद्रीबुवा उपदेश करता करता गाण्याच्या सुरात गेले की पहिल्या बाकावर डोळे मिटून डोलणारा.

"पोरी, आमच्या चॅपलाला दार आहे हो," तो ओरडला. "लाकडी. दोन्हीकडून उघडतं!"

"इद्वालकाका, गप्प बसा!"

इतक्यात मेइनिरबाईंचा चेहरा बदलला. सकाळपासून त्यांनी सफरचंदाची दारू, सायडर, बरीच रिचवली होती, आणि मुतारी होती कुरणाच्या पार टोकाला.

"ओलांडा ना रेघ, बाई," तांगवेन गोड आवाजात म्हणाली. "पूजा तुमच्याच हातून बाटली तर सुरी कुणाची, ते बघू."

बाईंनी एकदा टोकाच्या मुतारीकडे पाहिलं. मग एकदम बोलत सुटल्या. "पृथ्वी गोल आहे ना? मग आत कुठलं नि बाहेर कुठलं, हे ठरवलं कुणी? आत तूच आहेस! अख्खं जग तुझ्याबरोबर आत, आम्ही एवढेच बाहेर. काप दार!"

"म्हणजे माझं चुकलं नाही?"

"नाही!"

"जरा सगळ्यांना ऐकू जाईल असं..."

"नाही, नाही, नाही! एवढं मोठं वर्तुळ आजवर कुणी आखलं नाही! काप गं बाई!"

तांगवेननं सावकाश, विधिपूर्वक दार कापलं. बाई त्यातून चार पावलं पुजारणीच्या चालीनं आल्या आणि मग धूम पळाल्या. मंडळी आनंदानं बाहेर, म्हणजे आत, आली.

इद्वाल मात्र पांढराफटक पडला. "अख्खं जग म्हणालात? म्हणजे मीपण? आमचं चॅपलसुद्धा?"

"सगळं, काका."

"आणि पाद्रीबुवा?"

"तेही."

इद्वालनं टोपी काढली, कापलेल्या दारातून नीट वाकून तो वर्तुळातल्या त्या रिकाम्या गवतावर गेला आणि मेंढ्यांमध्ये फतकल मारून बसला. "ख्रिस्ताला एवढीच जागा उरली म्हणायची," असं पुटपुटून त्यानं मोकळ्या गळ्यानं चॅपलातलं प्रार्थनागीत सुरू केलं. म्हाताऱ्याचा आवाज असा काही लागला की पांगलेली मंडळी एकेक करून रेघेशी येऊन उभी राहिली. तांगवेननं दार मिटायला सुरी उचलली, तोच परत आलेल्या मेइनिरबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब गं," त्या कुजबुजल्या, "दुसरं कडवं होऊ दे."