ओट्सचा एकविसावा लॉट

आधी कबुली देतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. ठोंबरे काकांनी वीस दिवस रोज सकाळी माझ्यासाठी ओट्स करून पाठवले आणि वीसही दिवस मी ते खाल्ले नाहीत. गायीला घातले. एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण काका रोज विचारायचे, "कसे झाले?" आणि मी रोज उत्तर द्यायचो.

ठोंबरे काका आमच्या ले-आउटमधल्या शेवटच्या घरात एकटे राहतात. वय सत्तरीच्या पुढं, अंगात पांढरी बंडी, खिशात छोटी वही आणि कानावर पेन. त्यांची चाळीस वर्षं कळमन्याच्या बाजारात गेली, संत्र्याच्या अडतीत माल पारखण्यात. ढिगातलं एक संत्रं उचलायचं, देठाशी नख लावायचं, नाकाशी धरायचं आणि गाव सांगायचं. "काटोल." "पारशिवनी." दुसऱ्याच्या बागेतला माल कोणी मिसळून आणला, तर काका बोरा न उघडता सांगत, असं त्यांचे जुने सोबती अजून शपथेवर सांगतात. "माणूस खोटं बोलते गा," काका म्हणायचे, "नाक नाही बोलत."

बाजार सुटला, पारख सुटली नाही. जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या लेखी तीन प्रकारच्या: अव्वल, मध्यम आणि टाकाऊ. थंडीची पहिली सकाळ अव्वल. आमचे नगरसेवक टाकाऊ. स्वतःच्या जावयाबद्दल विचारलं तर थोडा वेळ विचार करून म्हणायचे, "मध्यम माल आहे, पण टिकाऊ."

नवरात्राच्या सुमारास माझी साखर वाढली. डॉक्टरांनी तर्री-पोहे बंद केले आणि ओट्स सांगितले. ही बातमी माझ्या बायकोनं, सुनीतानं, कंपाउंडच्या भिंतीवरून काकांना दिली. दुसऱ्या दिवशी सात वाजता आमच्या फाटकाच्या कडीला स्टीलचा डबा लटकलेला. त्यावर चिठ्ठी: लॉट नंबर १. उकडलेले शिंगाडे, जिरं, साजूक तूप.

मला ओट्स आवडत नाहीत. ओले झाले की ते मला पोस्टरच्या खळीसारखे दिसतात. शिवाय, आता सगळं सांगतोच आहे तर हेही सांगतो, साडेसहाला फिरायला जातो असं सांगून मी कोपऱ्यावर तर्री-पोहे खाऊन येत होतो. पोट भरलेलं, मन खात असलेलं, हातात काकांचा गरम डबा. तेवढ्यात फाटकाशी शिंगमोडी आली. ही आमच्या गवळ्याची पांढरी गाय, डावं शिंग मोडलेलं, स्वभाव चौकस. मी डबा तिच्यासाठी ठेवलेल्या बादलीत रिकामा केला.

नऊ वाजता काका हजर. वही उघडलेली.

"सुधाकर, जिभेवर पहिले काय आलं? गोड का खारट?"

"चांगले झाले होते, काका."

"चांगले म्हणजे? अव्वल का मध्यम? जिरं पुढं आलं का मागं राहिलं? मी तुले चूप बसासाठी डबा देतो का?"

मी गडबडलो. खोटं बोलायची माझी हिंमत नेहमी निम्म्यावर संपते. मग मी एक तडजोड केली, आणि तीच पुढं माझ्या गळ्याशी आली. मी गायीकडं काय पाहिलं होतं ते आठवून सांगितलं. शिंगमोडीनं तूप आधी चाटलं होतं, जिरं आल्यावर शिंकली होती. "तूप अव्वल, काका. जिरं जरा कमी चालेल." काकांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, अगदीच खोटं नाही बोललो. कोणाचं तरी खरं मत आहे.

त्यानंतर काकांना शरद ऋतू अंगात आल्यासारखा झाला. बाजारात जे नवं दिसेल ते ओट्समध्ये. सीताफळाचा गर काढून थंड दुधातले ओट्स. कोहळं, म्हणजे आपला लाल भोपळा, किसून तुपावर परतून गूळ-जायफळाचे ओट्स. तीळ भाजून, जवस कुटून. आंबिया बहाराची पहिली संत्री आली तेव्हा तर काका पहाटे नाचतच असावेत. साल किसून दुधात, फोडी शेवटी गॅस बंद केल्यावर. "आधी घातल्या तर दूध फाटते," त्यांनी चिठ्ठीवर मला बजावलं होतं, जणू उद्या मीच करणार होतो.

शिंगमोडीची मतं मात्र ठाम होती. सीताफळ तिनं हुंगून सोडलं. विलायची पाहून मान फिरवली. मीठ जास्त पडलं त्या दिवशी बादली चाटून तिला चकाकी आणली. संत्र्याची साल, भोपळ्याची पाठ म्हणजे वरची जाड साल, जवसाचा चुरा, गूळ, यावर तिचा जीव. मी इमानदारीनं सगळं पोचवत गेलो. "साल अजून चालेल, काका." "मीठ वाढवा." "भोपळ्याची पाठ काढू नका, मजा येते." काकांचा चेहरा फुलायचा. "पाह्य बाप्पा! याले म्हणतात जीभ!"

चौदाव्या लॉटला तर शिंगमोडीनं तोंड बादलीतून काढलंच नाही. कडी शाबूत शिंगात अडकली आणि ती बादलीसकट चौकापर्यंत फिरून आली. त्या दिवशी मी काकांना सांगितलं, "आजचा माल सोडवत नव्हता."

काही गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या. काका माझ्यासमोर कधी एक चमचाही तोंडात घालत नसत. एकदा मी डबा परत द्यायला गेलो तर घरभर जळक्या दुधाचा वास, पातेलं काळं झालेलं आणि काका शेजारीच खुर्चीवर शांतपणे संत्री पुसत बसलेले. मला वाटलं, वय झालं. सुनीतानं एकदा रस्त्यावरच्या बाईकडून संत्री घेतली. ती बाई पारशिवनीची, माल तिच्याच घरच्या झाडाचा. काकांनी एक हुंगलं आणि म्हणाले, "काटोल." आम्ही दोघांनी त्या बाईला खोटं ठरवलं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी काका आले ते वही न काढता. काकांची वही खिशातच होती, पण हात तिकडं जात नव्हता.

"मंजू येऊन राहिली," ते म्हणाले. मंजू त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात असते. "म्हणते, बाबा, तुमचं एकट्याचं कसं चाललं ते दोन दिवस पाहते, मग ठरवते. तपासाले येऊन राहिली पोरगी. नाश्ता बिघडला तर मले पुण्याले घेऊन जाईल."

"पुणं चांगलं आहे, काका."

"असंन. मी काय करू तिथं? खिडकीतून दुसऱ्याची खिडकी पाहू?" मग एकदम माझा हात धरला. "सगळ्यात अव्वल लॉट कोणता होता, सांग. खरं सांग गा. तुझ्याच जिभेवर आहे सगळं."

इथं तरी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "चौदा."

शनिवारी सकाळी मला आणि सुनीताला काकांकडं बोलावणं होतं. काकांनी टेबलावर धुतलेली चादर अंथरली होती. चार वाट्या, वर संत्र्याच्या फोडी कमळासारख्या मांडलेल्या, कडेनं भाजलेले तीळ. दिसायला इतकं देखणं होतं की मला क्षणभर आशा वाटली. चिठ्ठीऐवजी पाटीवर खडूनं लिहिलं होतं: लॉट नंबर २१.

मंजूनं पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबली. सुनीतानं पाण्याचा पेला जवळ ओढला. मी वीस दिवसांत पहिल्यांदा काकांच्या हातचे ओट्स चाखले. दहा माणसांच्या भाजीचं मीठ, सालीचा कडवटपणा टाळूला चिकटलेला आणि दाताखाली भोपळ्याची पाठ.

"बाबा," मंजू कसंबसं गिळून म्हणाली, "हे ढेपेसारखं लागतंय."

ढेप म्हणजे जनावरांना घालतात ती पेंड. मला ठसका लागला.

काका माझ्याकडं वळले. "सुधाकर? तू तर अव्वल म्हणला होता."

"तुम्ही स्वतः चाखलं नाही का?" मंजूनं विचारलं.

"चाखलं ना." काका उगाचच पाणी भरायला उठले. मंजू त्यांच्याकडं पाहत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि मूठ बंद करून आली.

"बसा. डोळे मिटा. ओळखा बरं."

काकांनी डोळे मिटले. मंजूनं मूठ त्यांच्या नाकाशी नेऊन उघडली. काकांनी लांब श्वास घेतला, जुन्या रुबाबात, आणि म्हणाले, "काटोल. आंबिया बहार. देठाकडं जरा कच्चं आहे."

मंजूच्या तळहातावर हिंगाची उघडी डबी होती. वास माझ्या खुर्चीपर्यंत येत होता.

कोणी हसलं नाही. काकांनी डोळे उघडले, डबी पाहिली आणि ती हळूच झाकण लावून बाजूला ठेवली.

"कधीपासून?" मंजूनं विचारलं.

"तो साथीचा ताप आला होता ना. सगळ्याईचं नाक वापस आलं. माझं नाही आलं. जीभही तशीच. गोड-खारटही नीट समजत नाही."

"सांगितलं काहून नाही मला?" मंजूची पुण्याची भाषा सुटली.

"काय सांगू वं? ठोंबऱ्याचं नाक गेलं म्हणून सांगू?"

मंजू उठून खिडकीशी गेली. "गॅस उघडा राहिला तर कळेल तुम्हाला? आणि हे असलं रोज खाता? ते काही नाही. सोमवारी माझ्याबरोबर चला."

काका वाटीच्या कडेला चिकटलेला एक तीळ नखानं सोडवत बसले. वीस दिवस ते माझ्याकडून स्तुती गोळा करत होते असं मी समजत होतो. ते माझ्या जिभेनं चव घेत होते. आणि मी त्या जिभेचं काय केलं होतं, ते फक्त मला माहीत होतं.

"मंजूताई," मी म्हणालो, "यात काकांची चूक नाही. ते मी सांगितलं तसं करत होते. आणि मी खाल्लंच नाही कधी. गायीला घातलं. गायीला जे आवडलं ते मी त्यांना सांगितलं."

सुनीता माझ्याकडं पाहत होती. "आणि तुम्ही काय खात होता?"

"तर्री-पोहे," मी म्हणालो. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

काकांनी सावकाश वही काढली. चष्मा लावला. "'मीठ वाढवा,' हे कोण?"

"शिंगमोडी."

"'साल अजून चालेल'?"

"तीच."

"'विलायची नको'?"

"काका, तीच."

"'आजचा माल सोडवत नव्हता'?"

"बादली शिंगात अडकली होती."

मंजूला आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. काका हसले नाहीत. त्यांनी वही मिटली.

"गायीनं तरी खाल्लं," ते म्हणाले. "खोटं नाही बोलली ती."

मंजू शहाणी मुलगी आहे. रागावली तेवढीच लगेच कामाला लागली. रविवारी बाजारात जाऊन इंडक्शन शेगडी आणली, सिलिंडर बाहेर काढला आणि सोमवारी निघताना म्हणाली, "संक्रांतीपर्यंत बघू, बाबा. पण चव सांगणारा खरा माणूस पाहिजे." आणि माझ्याकडं पाहिलं. मी तिची बॅग उचलायला वाकलो.

त्यानंतर माझ्या फाटकाला डबा आला नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. शिंगमोडी सात वाजता येऊन उभी राहायची, रिकाम्या बादलीकडं पाहायची, मग माझ्याकडं. काका अंगणात दिसले तर मान हलवायचे. वही नाही, प्रश्न नाही. दिवाळी आली तशी गेली. मी तर्री-पोहे सोडले, कोणी सांगितलं नाही तरी. पण तेवढ्यानं काही हलकं वाटलं नाही. सगळ्यांसमोर मी चूक सांगितली होती, पण काकांना एकट्याला मी काहीच म्हणालो नव्हतो.

दिवाळीनंतर एका सकाळी मी स्वतः ओट्स केले, आयुष्यात पहिल्यांदा. काकांचा एक डबा आमच्याकडं राहिला होता, आणि शेजाऱ्याचा डबा आमच्याकडं कोणी रिकामा परत करत नाही. सीताफळाच्या बिया काढता काढता अर्धा तास गेला. तेवढ्यात ओट्स खाली लागले. सुनीता दारात उभी राहून पाहत होती, पण मधे पडली नाही. मी एक वाटी काढून घेतली, उभ्यानंच पूर्ण खाल्ली आणि डबा घेऊन काकांकडं गेलो.

काका अंगणात संत्री पुसत बसले होते. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला.

"काय आहे?"

"ओट्स. मी केले."

त्यांनी झाकण काढलं. सवयीनं नाक पुढं नेलं, मधेच थांबले आणि मागं घेतलं. मग माझ्याकडं पाहिलं. खूप वेळानं हात खिशाकडं गेला. वही उघडली, कानावरचं पेन काढलं आणि कोऱ्या पानावर बावीस आकडा घातला.

"सांग," ते म्हणाले. "जिभेवर पहिले काय आलं?"

"पहिले सीताफळ, काका. गोड. पण लगेच मागून करपल्याची चव येते, खाली लागलेत. मीठ टाकायला विसरलो. विलायची ठीक आहे. दोन बिया राहिल्यात, जपून खा. माल मध्यमच्याही खालचा आहे."

काका लिहीत होते. पेन थांबलं तेव्हा मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आणि काका, तुम्ही माझी जीभ मागितली होती. मी तुम्हाला गायीची दिली. माझं चुकलं. मला माफ करा."